अठरावं होल, सही बाकी

पृथ्वी गोल आहे हे मी पाचोऱ्याच्या शाळेत अडतीस वर्षं शिकवलं, पण ती नेमकी कुठे किती बोटं उतरती आहे हे जगात फक्त एकाच माणसाला ठाऊक आहे आणि तो माणूस माझा व्याही आहे. माझी लेक त्यांच्या एकुलत्या एका मुलाला दिली म्हणून हे नातं जुळलं, नाहीतर असा माणूस मला कुठे भेटायचा! भडगावच्या अलीकडे गिरणा नदीच्या काठाला त्यांचं गाव. पाटबंधाऱ्याच्या खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांनी उभा जन्म काढला, म्हणजे पाटाच्या कडेकडेनं ते चालत राहिले. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी चाल तीच आहे. मान खाली, हात मागे आणि नजर स्वतःच्या पायांच्या दहा पावलं पुढे. गाव त्यांना आबा म्हणतं, मीही आबाच म्हणतो. ते मला 'सर' म्हणतात, पण त्या सरमध्ये थोडी कीव असते, कारण मला नकाशावरची नदी कळते आणि त्यांना पायाखालची.

ही विद्या मी प्रथम पाहिली ती लग्नाच्या आदल्या दिवशी. मांडव आमच्या दारी, वऱ्हाड नुकतंच उतरलेलं, आणि नवऱ्या मुलाचे वडील करकरीत धोतरानिशी मांडवाच्या मधोमध पालथे पडलेले. गाल जमिनीला टेकलेला, एक डोळा मिटलेला. माझा भाऊ कांदा फोडून हुंगवायला धावला, बायकांत रडारड सुरू व्हायच्या बेतात होती. तेवढ्यात आबा उठले, धोतर झटकलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, आचारीसनी मोरी तठून हालवा. पानी पंगतमा येई." मुलीचा बाप असूनही मी मनातल्या मनात हसलो. अंगण मी रोज पाहत होतो, ते मला ताटासारखं सपाट दिसत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिली पंगत बसली आणि मोरीचं पाणी मांडवाच्या कनातीखालून निघून अगदी सावकाश, कुणाला विचारायची गरज नसल्यासारखं, थेट माझ्या थोरल्या मेव्हण्याच्या पाटाखाली येऊन थांबलं. आबा समोरच्या पंगतीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मुकाट्यानं शेवभाजीचा रस्सा वाढून घेतला. त्या दिवसापासून मी त्यांच्यापुढे जरा जपूनच बोलतो.

अंतर ते किलोमीटरमध्ये सांगत नाहीत. पाचोरा किती लांब म्हणून विचारलं तर "पानीले सात तास" म्हणतात. चहा आला की आधी बशीत ओततात, बशी टेबलावर ठेवतात, चहा कुठल्या कडेला सरकतो ते पाहतात आणि मगच पितात. हॉटेलवाल्याला टेबलाच्या कुठल्या पायाखाली पुठ्ठा घालायचा तेही सांगून येतात. पंचक्रोशीत कुणाच्याही न्हाणीघरात फरशी बसवायची असली की आबांना बोलावणं जातं. मीही घर बांधलं तेव्हा बोलावलं होतं, पण फरशी बसल्यावर, कौतुक करून घ्यायला. आबांनी तांब्याभर पाणी कोपऱ्यात ओतलं. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे निघालं. "गवंडी चांगला शे," आबा म्हणाले, "पन त्याले घर जावानी घाई व्हती." मी नंतर त्या गवंड्याला गाठून विचारलं. फरशीच्या दिवशी त्याच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते.

एवढं सगळं कळणाऱ्या या माणसाला चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणी एकदाही मत विचारलं नाही. आखणीचे कागद वरून यायचे, आबा गेट उघडायचे, गेट बंद करायचे, गाळ काढून घ्यायचे, नोंद करायचे. पाट कुठे वळायला हवा होता हे त्यांना पायांनी कळायचं, पण ते लिहायला नोंदवहीत रकाना नव्हता. याबद्दल त्यांची तक्रार मात्र कधी ऐकली नाही. "डिझाइन साहेबसनं, चिखल आपला," एवढंच म्हणत आणि स्वतःच हसत.

त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे जावई, कॉम्प्युटरवाले. लग्नानंतर वर्षभरात दोघं इंग्लंडला गेले आणि तिथलेच झाले. बापलेकांत भांडण नव्हतं. भांडण असतं तर बोलायला निदान विषय तरी असता. दर रविवारी दुपारी साडेबाराला, म्हणजे तिकडे सकाळी आठला, फोन यायचा. जेवला का? जेवलो. पाऊस? नाही. तब्येत? बरी. ठेव मग. मी कित्येकदा तिथे बसून हा संवाद ऐकला आहे. सव्वा मिनिटाच्या वर कधी गेला नाही. फोन ठेवल्यावर आबा तो थोडा वेळ हातातच धरून बसायचे आणि मग केळीच्या बागेकडे निघून जायचे. विहीणबाई मला म्हणायच्या, "सर, याले पोरगासंगे बोलता येत नही आनि पोरगाले याना संगे." यात कुणाची चूक होती असं मला वाटत नाही. एकाला पाणी कळत होतं, दुसऱ्याला कॉम्प्युटर, आणि मधे सांगण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या वर्षी चैत्रातल्या एका रविवारी असाच फोन आला. जेवला का झालं, पाऊस झाला, तब्येत झाली. जावई घराबाहेर होते. काहीतरी दाखवावं म्हणून त्यांनी फोन फिरवला आणि म्हणाले, "आबा, हे बघा, घरामागेच गोल्फचं मैदान आहे. मी इथे खेळायला लागलोय. शंभर वर्षांहून जुनं आहे म्हणतात." इकडे बाहेर ऊन असं की केळीची पानं करपून चिरफाळ्या झालेली, आणि फोनच्या चौकटीत ते हिरवंगार रान, मोठमोठे ओक, मधून वाहणारा ओढा आणि दूर एक चिमुकला झेंडा. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. आबा चष्मा पुसून फोनवर वाकले आणि एकदम खेकसले, "थांब! फोन हालाडू नको. खाले धर. आखो खाले. गवतले टेकाड."

जावयांनी भांबावून फोन गवताला टेकवला. आता आम्हाला नुसती गवताची पाती आणि त्यापलीकडे जमिनीची एक वाकडी रेघ दिसत होती. आबा इकडे खाटेवर पालथे झाले, गाल उशीला, एक डोळा बंद.

"डावीकडून पानी येस," ते पुटपुटले. "पन तू उभा शे तठे थांबत नही. काबर थांबत नही?"

"मला काय माहीत, आबा?"

"हाई बठ्ठं कोनी आखेल शे?"

हे सगळं कुणी आखलं तेही जावयांना माहीत नव्हतं. त्या दिवशी फोन सत्तावीस मिनिटं चालला. फोन ठेवला तेव्हा आबांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी जावयांनी स्वतःहून सांगितलं की तिथल्या क्लबच्या मैदान समितीवर त्यांना नुकतंच घेतलं आहे आणि समितीपुढे एक मोठा प्रश्न आहे. सातवं होल दोन जुन्या ओकांना वळसा घालून जातं. हल्लीचे खेळाडू चेंडू लांब मारतात, त्यांना वळण नको. म्हणून दोन्ही झाडं तोडावीत, वळण भरून काढावं आणि होल सरळ करावं अशी सूचना आली आहे. निर्णयाआधी प्रत्येक सभासदानं मैदानाच्या आखणीबद्दल आपलं मत लेखी द्यायचं होतं. "मला जमिनीतलं काही कळत नाही, आबा," जावई म्हणाले. "तुम्ही बघून सांगाल का?"

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यात प्रथमच कुणीतरी आखणीबद्दल मत विचारलं होतं, आणि तेही पोटच्या पोरानं. आबा उठले. आत गेले, ट्रंक उघडली, नोकरीतली एक कोरी राहिलेली पाहणी नोंदवही काढली आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "सर, हाऊ खेळ काय ऱ्हास?" दुसऱ्या दिवशी मी घरून कोश आणून वाचून दाखवला. छोटा चेंडू काठीनं मारायचा, जिथून पहिला फटका मारतात ती जागा टी, मधलं कापलेलं गवत फेअरवे, शेवटी गुळगुळीत हिरवळ म्हणजे ग्रीन, तिच्यात भोक, वाटेत वाळूचे खड्डे म्हणजे बंकर, टीपासून भोकापर्यंतचा सगळा पट्टा म्हणजे एक होल, आणि अशी अठरा होलं. एवढं सांगेपर्यंत आबांनी हात वर केला. "चेंडूनं काम चेंडू जाने. आपलं काम जमीन."

तेव्हापासून पाच महिने दर रविवारी त्यांनी एकेक होल तपासलं. गिरणाकाठी खाटेवर पालथं पडून इंग्लंडातल्या जमिनीची पाहणी करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. उताराचा नुसता अंदाज त्यांना चालेना. त्यांनी मुलाला गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी पाणी भरून आणायला लावली. नळीचं एक टोक जावयांच्या हातात, दुसरं आमच्या लेकीच्या, तिकडच्या गार सकाळी ती बिचारी कानटोपी घालून होलाहोलाशी उभी आणि इकडून सासरे ओरडतायत, "पोरी, नळी वर धर, बोटभर वर!" क्लबातली म्हातारी मंडळी कुत्रं फिरवता फिरवता थांबून पाहत राहायची. मापं यायची, ती आबा नोंदवहीत उतरवायचे. बोलताना अहिराणी, पण लिहायला बसले की सरकारी मराठी. पहिल्या होलचा शेरा मला तोंडपाठ आहे: 'सुरुवातीस उतार सौम्य ठेवला असून नवीन मनुष्य बिथरत नाही. समाधानकारक.' तिसऱ्याचा त्याहून सरस: 'उंचवटा ग्रीनला चिकटून असल्याचे भासते. प्रत्यक्षात मध्ये तीस पावले मोकळी जागा आढळली. डोळ्यांची ही फसवणूक हेतुपुरस्सर असून कौतुकास पात्र आहे.' पाचव्यापाशी त्यांनी लिहिलं, 'लागोपाठ दोन होल एका दिशेस नाहीत. सबब वारा सर्वांस सारखाच छळतो.' मी या शेऱ्यांचं इंग्रजी करून जावयांना पाठवायचो. इतकं सुखाचं भाषांतर मी जन्मात केलं नव्हतं.

आबांकडून चूक मुळीच झाली नाही असं नाही. वाळूचे बंकर हे खेळाडूला अडवायला केलेले असतात हे मी वाचून दाखवलं तरी त्यांना ते पटेना. कुठला शहाणा माणूस चांगल्या जमिनीत मुद्दाम अडचण खणेल? चौतीस वर्षं पाटावर गाळ अडवायचे खड्डे पाहिलेल्या माणसानं तेच ओळखलं आणि अहवालात छातीठोकपणे लिहिलं, 'गाळ-खड्डे एकूण त्रेसष्ट. सर्व वेळेवर साफ केलेले आढळले. कर्मचाऱ्यांचे अभिनंदन करावे.' जावयांनी ते वाक्य तिथल्या मुख्य माळ्याला वाचून दाखवलं. त्या पांढऱ्या केसांच्या माणसानं म्हणे टोपी काढली, कारण इतक्या वर्षांत अभिनंदन त्याचंही कुणी केलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो माळी स्वतःच फोनवर आला. आबा म्हणाले, "राम राम." तो काहीतरी म्हणाला. मग तो उकिडवा बसला आणि त्यानं गवतात बोटं खुपसून मूठभर माती काढून दाखवली. आबांनी उठून बागेतली काळी माती आणून दाखवली. दोघांनी आपापली माती चुरडली, वास घेतला, माना डोलावल्या. मी दुभाषा म्हणून तिथे बसलो होतो, पण माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. शेवटी आबांनी एकच प्रश्न विचारायला लावला: "ज्यानी हाई आखं, त्याना गुडघा दुखत व्हता का?" कारण त्यांनी पाहिलं होतं की एका होलच्या ग्रीनपासून पुढल्याची टी कुठेही वीस पावलांपलीकडे नाही, आणि प्रत्येक चढणीनंतर एक सपाट टप्पा ठेवलेला आहे. माळी उठून उभा राहिला. म्हणाला, आखणाऱ्याचं एक जुनं छायाचित्र क्लबात लावलेलं आहे. त्यात तो काठी टेकून उभा आहे. आबांना त्यात नवल वाटलं नाही. माणूस कसा चालला होता ते जमिनीत लिहिलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं.

पावसाळा सरत आला तसं आबांनी खळ्यात ते मैदानच उभं केलं. काळ्या मातीत भुसा कालवून, मोजमापानं, नळीच्या नोंदी हातात धरून, अठराच्या अठरा होलं. झाडांच्या जागी कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्या, बंकरांत गिरणेची वाळू, झेंड्यांना विहीणबाईंच्या जुन्या चोळीची चिंधी. ऐन उघडीप मिळालेली आणि खळं अडलेलं. विहीणबाई बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, सूप घेऊन कमरेवर हात देऊन उभ्या. "मन्हा बिबडा मी कोठे वाळाडू? तुमना इंग्लंडमा?" शेवटी नवव्या आणि दहाव्या होलच्या मधल्या मोकळ्या जागेत बिबडे वाळत पडले. आबांनी ती जागा मोजूनच दिली होती.

मग आबांनी मला फोनवर चित्रण करायला लावलं आणि वरच्या अंगानं तांब्यातून धार सोडली. मी आयुष्यभर पोरांना जलविभाजक म्हणजे काय ते फळ्यावर काढून दाखवलं होतं, त्या दिवशी ते प्रथम डोळ्यांनी पाहिलं. पाणी पहिल्या ग्रीनपाशी आलं आणि दुभंगून दोन्ही अंगांनी निघून गेलं. दुसऱ्यापाशी वळलं. चौथ्याच्या उंचवट्याला अडून थबकल्यासारखं झालं आणि कुणीतरी हाताला धरून न्यावं तसं ओढ्याच्या बाजूला उतरलं. आबा तांब्यामागून तांबे ओतत होते. सातव्यापाशी त्या दोन काड्यांच्या मुळाशी पाणी क्षणभर घुटमळलं आणि वळणानं खाली गेलं. अठरा ग्रीन ओलांडून, कुठेही न साचता, सगळं पाणी ओढ्याला मिळून खळ्याबाहेर पडलं. आबांनी मग त्या दोन काड्या उपटल्या, मातीनं वळण भरलं, होल सरळ केलं आणि पुन्हा पाणी सोडलं. पाणी सरळ आलं आणि आठव्या ग्रीनवर डबकं होऊन बसलं. आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या लंगड्या माणसाचं नावही त्यांना माहीत नव्हतं. "हाऊ मानूस पानीसंगे कधी भांडना नही," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला देवळात ऐकू येतो तसा वाटला.

आणि या पाच महिन्यांत फोन सव्वा मिनिटावरून दीड तासावर गेला होता. आधी 'हो आबा, नाही आबा' करणारे जावई चौथ्या होलपासून वाद घालायला लागले. सहाव्यापाशी त्यांच्या तोंडून अचानक "काबर?" निघालं, आणि मग त्यांची मागे राहिलेली अहिराणी एकेक शब्दानं परत आली. लहानपणी आबांबरोबर पाटावर जायचे, तिथे खेकडा चावला होता, ती गोष्ट अकराव्या होलला निघाली. चौदाव्याला आबांनी आपल्या वडिलांबद्दल सांगितलं, जे विहीणबाईंनीही कधी ऐकलं नव्हतं.

सतरावं झालं. अठरावं होल म्हणजे क्लबाच्या दाराशी संपणारं, सगळ्यांत सोपं. त्याची मापं घेऊन झाली होती, शेऱ्याआधी नुसतं एकदा पाहायचं होतं. आणि तिथे आबा अडले. पहिल्या रविवारी म्हणाले धुकं आहे, दिसत नाही. दुसऱ्या रविवारी गवत ओलं आहे. तिसऱ्या रविवारी त्यांना चौथ्या होलबद्दल शंका आली आणि सगळा वेळ तिथेच गेला. त्यानंतर नळीत हवेचा बुडबुडा राहिला असणार म्हणून पंधराव्याची मापं परत घ्यायला लावली. समितीची बैठक आठ दिवसांवर आली. जावयांचा मला वेगळा फोन आला: "पप्पा, आबांना सांगा ना. अहवाल वेळेत गेला नाही तर झाडं जातील. माझ्या एकट्याच्या शब्दावर कोण थांबणार?"

मी तणतणत पाचोऱ्याहून निघालो. व्याह्याला रागावण्याची पद्धत नाही, पण मी मास्तर आहे. आबा बागेच्या कडेला बसले होते. मी म्हटलं, "आबा, हे बरं नाही. पोरानं केवढ्या विश्वासानं काम दिलं आणि तुम्ही चालढकल करताय?" नोंदवही मांडीवर होती, ती त्यांनी माझ्या हातात दिली. मी अठराव्याचं पान उघडलं. पान भरलेलं होतं. उतार, गाळ, झाडोरा, शेरा, सगळं सुवाच्य अक्षरात, महिनाभरापूर्वीच लिहिलेलं. खाली फक्त सहीची जागा मोकळी होती.

"सही करी टाकी," आबा म्हणाले, "मंग मी त्यानासंगे काय बोलू, सर?"

अडतीस वर्षांत पोरांनी मला हजारो प्रश्न विचारले असतील. उत्तर येत नसलं की मी 'उद्या सांगतो' म्हणायचो. इथे तसंही म्हणता येईना. मी नोंदवही मिटून त्यांच्याशेजारी बसलो. माझा राग कुठल्या कुठे गेला होता. मग आबांनीच माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं.

"आपलं काय, व्हई जाई," ते म्हणाले. "त्या झाडंसले कोन शे?" आणि त्यांनी सही केली, खाली हुद्दा लिहिला आणि हुद्द्यापुढे कंसात 'सेवानिवृत्त'.

मी त्या रात्रीतच भाषांतर पुरं करून पाठवलं. बैठक झाली. जावयांनी अहवाल वाचला, खळ्यातल्या पाण्याचं मी केलेलं चित्रण दाखवलं. गाळ-खड्ड्यांपाशी सभा पोट धरून हसली म्हणे, आणि आठव्या ग्रीनवरचं डबकं पाहून गप्प झाली. झाडं राहिली. वळण राहिलं. निरोप बुधवारी आला, तेव्हा आबांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले. पण मी त्यांच्याकडे पाहत होतो. ते आनंदात होते आणि बोटांवर दिवस मोजत होते.

त्या रविवारी मी मुद्दाम गेलो. साडेबारा वाजले. फोन खाटेवर मधोमध ठेवलेला, आबा एका टोकाला, मी दुसऱ्या. विहीणबाई भाकरी थापता थापता दर दोन मिनिटांनी दारात येऊन जात होत्या. पावणेएक झाला. आबांनी फोन उचलून पाहिला, पुन्हा ठेवला. "आते काम नही ना त्याले," ते मलाच समजावत म्हणाले. एक वाजायला आला आणि फोन वाजला.

जावई मैदानातच उभे होते, पहिल्या टीवर. हातात नळी नव्हती, कागद नव्हता. "जेवला का, आबा?" त्यांनी विचारलं. आबा म्हणाले, नाही अजून. पाऊस झाला. तब्येत झाली. आता 'ठेव मग' येणार, असं मला वाटलं. मी जमिनीकडे पाहत बसलो. मग जावई अडखळत म्हणाले, "आबा, पाहनी तर सरनी. आज काय देखसूत?"

"काही नही," आबा म्हणाले. "तू नुसता चाल. मी देखस."

आणि जावई चालायला लागले. फोनमध्ये गवत, बुटांची टोकं, मधूनच एखादं झाड. पहिलं होल, दुसरं, तिसरं. कुणी मोजत नव्हतं, कुणी लिहीत नव्हतं. आबा फोन दोन्ही हातांनी धरून बसले होते. चढण आली तशी तिकडून श्वास ऐकू यायला लागला, तेव्हा आबा हळूच म्हणाले, "दम खाय जरा." जावई थांबले. थोड्या वेळानं पुन्हा निघाले. विहीणबाई ताटं घेऊन आल्या, पाहिलं, आणि ताटं झाकून तिथेच दाराशी बसल्या. मी चपला हातात घेऊन बाहेर आलो.

बसस्टँडवर गाडी यायला अवकाश होता. मी लेकीला फोन लावला. आम्ही दर शनिवारी बोलतो, आणि त्या दिवशी रविवार होता. तिनं लगेच उचलला आणि घाबरून विचारलं, "काय झालं, पप्पा? काही काम होतं का?"

काम काहीच नव्हतं. मी तिला तसं सांगितलं, आणि मग आम्हा दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचेना, तरी फोन कुणीच ठेवला नाही.